दरडीचे खाचर

सातारा,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, तुझी दोन पत्रे उत्तराविना राहिली, याची खंत मनात आहे. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असतो, हिचे गुडघे दर पावसाळ्याप्रमाणे दुखले आणि थांबले. आज लिहायला बसलो, कारण गावी जे घडले ते इथे कोणाला सांगितले तर माणसे हळहळतात आणि विषय बदलतात. तुला सांगितले तर तू ते नकाशावर बघशील. शिवाय त्यात तुझे एक जुने देणे आहे, आणि ते मला फेडायचे आहे.

आषाढात सलग सहा दिवस झड लागली होती. सातव्या दिवशी पहाटे धाकट्याचा फोन आला की घरामागच्या खाचराच्या वर जमीन फाटली आहे. मी दुपारी पोचलो. आंब्याच्या बांधापासून पऱ्ह्यापर्यंत, शंभरेक पावले लांबीची भेग आहे. हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि खालची बाजू वीतभर खचलेली आहे. ती सरळ असती तर मी मनाची समजूत घातली असती. पण ती कोयत्यासारखी वाकलेली आहे, दोन्ही टोके उताराकडे वळलेली. त्या वाकणीचा अर्थ, खालची जमीन सुटून निघाली आहे हा, मी तीस वर्षे फळ्यावर काढून मुलांना शिकवला. बाराही महिने वाहणारा आमचा झरा दोन दिवस गढूळ आला, आणि मग जुनी जागा सोडून हातभर बाजूने फुटला. खालच्या कुंपणाची सागाची झाडे बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली आहेत, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांना आम्ही बसायची झाडे म्हणत असू. उतारावरची जमीन हळूहळू सरकते तेव्हा झाडे तशी वाढतात, हे पुस्तकात वाचतानाही मला ती आठवली नव्हती.

आता तुझे देणे. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तू गणपतीला आमच्याकडे आला होतास. पाखाडीवरून घराकडे चढताना तू मध्येच थांबलास, वर कड्याकडे पाहिलेस, खाली खाचरांकडे पाहिलेस आणि म्हणालास, ‘‘अण्णा, तुझे गाव दरडीवर बसले आहे.’’ मी इतका संतापलो की परतीच्या एस.टी.त आपण एका बाकावर बसलो नाही, आणि दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू माझ्या घराला कमी लेखलेस असे मला वाटले होते. बंडू, तू बरोबर होतास. हे मला दहा-पंधरा वर्षांनंतर कळले होते, आणि तरीही मी ते तुला कधी सांगितले नाही. त्याहून वाईट म्हणजे मी ते घरीही सांगितले नाही.

त्या भेटीतला आपला मुख्य वाद वेगळाच होता, तो तुला आठवत असेल. सह्याद्री उचलला गेला असे तुझे म्हणणे, आणि सह्याद्री होता तिथेच उभा आहे, कोकण खणले गेले असे माझे. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की हा घडीचा पर्वत नाही. हिमालयासारखे थर इथे मुडपलेले नाहीत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले, ते आजही पानांच्या चळतीसारखे जवळजवळ आडवे आहेत. पुढे पश्चिमेची जमीन तुटली, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून वेगळा होऊन दूर गेला, आणि नव्या किनाऱ्यावरून नद्या पूर्वेकडे आपले उगम खोदत चालल्या. कडा म्हणजे त्या खोदाईची आजची हद्द. खंडाळ्याला इंद्रायणीचे रुंद खोरे कड्याच्या काठाशी अचानक संपते, कारण त्याचा माथा उल्हासच्या ओढ्यांनी खाऊन टाकला, हा माझा आवडता पुरावा होता. त्यावर तू पनवेलजवळचे पश्चिमेकडे कललेले थर काढलेस, आणि मग रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. जांभा हा उष्ण, ओल्या-कोरड्या हवेत, जवळपास सपाट भूमीवर खडक कुजून बनतो. त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरते. मग तो आज समुद्रावर इतक्या उंचीला, नद्यांनी चिरलेला कसा, असे तू विचारलेस, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आज मला वाटते की आपण एकाच गोष्टीची दोन टोके धरून ओढत होतो. जमिनीवरचा खडक झिजून समुद्रात गेला की खालच्या भूकवचावरचा भार कमी होतो आणि ते वर येते, दाभोळच्या खाडीत रेती उतरवल्यावर मचवा पाण्यातून वर येतो तसे. भूकवच ताठ असल्यामुळे झिजलेला भाग एकटाच उचलला जात नाही, शेजारच्या घाटमाथ्यालाही थोडे सोबत घेतो. म्हणजे झीज हेच उत्थानाचे एक कारण आहे. हे सूत्र तू त्याच रात्री आमच्या ओटीवर मांडले होतेस, चौदा घावने खाऊन झाल्यावर. ‘‘काकू, ताटातले वजन उतरले की ताट वर येते, म्हणून आणखी वाढा,’’ असे तू म्हणालास आणि तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. तात्यांना तसे हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिले नाही.

पण मी मूळ गोष्टीकडे येतो. आमची माची कशी तयार झाली ते तुला सांगायला नको, तरी मला ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायचे आहे. दोन लाव्हालोटांच्या मधल्या काळात जुन्या लोटाच्या पृष्ठावर माती बनली, ती पुढच्या लोटाखाली भाजून लाल झाली. वरचा काळा पाषाण उभ्या सांध्यांनी चिरलेला असतो. पावसाचे पाणी त्या सांध्यांतून उतरते, लाल थराशी अडते आणि तिथून आडवे बाहेर पडते. तोच आमचा झरा. त्याच पातळीवर कड्याला पायरी पडते, उतार सौम्य होतो, आणि वरून सुटलेले धोंडे, मुरूम, माती हजारो वर्षे त्या पायरीवर येऊन बसतात. भाताला माती, नाचणीला उतार आणि प्यायला पाणी तिथेच मिळते, म्हणून माणसे तिथेच राहिली. वाडी ज्या पाण्यावर बसली तेच पाणी जास्त झाले की खालची माती सुटी करते. माळीण २०१४ साली अशाच डोंगरउतारावर होते. तिथे दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. तळिये २०२१ मध्ये, इरशाळवाडी २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी मी बातमी वाचून वर्गात आकृती काढली आणि संध्याकाळी आईला फोन करून पाऊस किती आहे एवढेच विचारले.

मनाला मी एका आकड्याने झोपवत होतो. कडा किनाऱ्याजवळून इथवर मागे सरकला असे धरले, तर सुमारे ५० किलोमीटरला सहा कोटी वर्षे लागली. सरासरी काढली तर वर्षाला एक मिलिमीटरही भरत नाही. नखदेखील त्याहून कितीतरी वेगाने वाढते. एवढ्या संथ गोष्टीची आपल्या आयुष्यात काय भीती, असे मी म्हणत असे. परंतु कडा दरवर्षी मिलिमीटरने सरकतच नाही. तो शेकडो वर्षे जागचा हलत नाही आणि मग एका रात्रीत त्याचा लोंढा खाली येतो. सरासरी ही त्या रात्रींची बेरीज आहे, आणि त्या रात्री कोणीतरी माचीवर झोपलेले असते.

आता तर पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. वाईत वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळपास जाणारा पाऊस एका दिवसात. १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. तू संगमनेरला प्रवरेच्या काठच्या घळींत उन्हातान्हात हिंडून मला दाखवले होतेस की हिमयुगाच्या कोरड्या काळात नद्यांनी आपली खोरी गाळाने भरली, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पावसाळा जोरावर आला तेव्हा तोच गाळ चिरून त्या खाली उतरल्या. पावसाचे मान बदलले की नदी बदलते, हे मला तेव्हा पटले. उतारही बदलतो, हे पटायला घरामागची भेग लागली.

सरकारकडून एक तरुण भूवैज्ञानिक आली होती. तिने भर पावसात वरपर्यंत जाऊन पाहिले, भेगेवर खुंट्या मारून अंतर मोजायला धाकट्याला शिकवले, आणि वाडीतल्या अकराही घरांनी पावसाळ्यात इथे राहू नये असे स्पष्ट लिहून दिले. निघताना तिने सातबारा मागितला. मी तो तिच्यासमोर उघडला, आणि शेताच्या स्थानिक नावाच्या रकान्यात माझीच नजर अडकली. ‘दरडीचे खाचर’. जन्मभर मी ते नाव उच्चारत आलो. ‘‘दरडीच्या खाचरात लावणी झाली का?’’ असे दर जूनमध्ये विचारत आलो. तूही त्या दिवशी शेताचे नाव विचारले होतेस, मी ते सांगितले होते, आणि पुढच्याच क्षणी तुझ्यावर चिडलो होतो.

त्या रात्री मी आईला विचारले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘तुझी पणजी सांगायची. जुनी वाडी वर होती. एका श्रावणात ती गेली, म्हणून आपण खाली आलो. वरचं घरटाण तू पाहिलं आहेस की.’’ मी ते पाहिले आहे. आपण दोघांनी त्याच जोत्यावर बसून आवळे खाल्ले होते. आईला सगळे माहीत होते, फक्त तिला कोणी विचारले नव्हते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कड्यावरून दगड घरंगळत आले, गोठ्याची भिंत पडली, आणि तरीही ती राहिली. त्यामुळे भीती दाखवून तिला हलवता येणार नाही, हे मला कळून चुकले आहे. पावसाळ्यापुरती ती चिपळूणला मावशीकडे यायला तयार झाली, तेही गौरी झाल्यावर. आणि गौरीनंतर आली ती पुन्हा वाडीवर परतली, कारण गाय व्यायला झाली होती.

पुनर्वसनाला जी जागा दाखवली आहे ती सड्यावर आहे. घट्ट जांभा, सपाट, दरडीची भीती नाही. सर्व माना डोलावतात. आई एकटी म्हणाली, ‘‘तिथे चैत्रात पाणी कुठून आणायचं?’’ तिचे म्हणणे खरे आहे. कातळावर पडलेला पाऊस झिरपतो आणि निघून जातो. सडा पावसाळ्यात फुलतो आणि शिमग्यापर्यंत कोरडा पडतो. आमच्या कड्यामागे कोयना आहे, तिचे पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरून वीज करून वाशिष्ठीला मिळते. पूर्वेच्या समुद्राला जाणारी नदी माणसाने पश्चिमेला वळवली, पण त्या सड्यावर हंडाभर पाणी पोचवणे अजून जमलेले नाही. म्हणून पाण्याची खात्री होईपर्यंत हलणार नाही, असे आईने सांगितले आहे, आणि तिच्यामागे वाडीतल्या सगळ्या बायका उभ्या आहेत. मी भेगेकडे बोट दाखवतो, त्या रिकाम्या हंड्याकडे. यात मला कोणाचीही चूक दिसत नाही, आणि म्हणूनच मला झोप लागत नाही.

तू हे काम आयुष्यभर केलेस. जांभ्याच्या खाली पांढरट चिकणमातीचा थर असतो, पाणी त्याच्यावर थांबते आणि सड्याच्या कडेला, पायथ्याशी फुटते, हे तुझेच वाक्य. त्या सड्याच्या दक्षिण अंगाला एका ठिकाणी जांभळी आणि उंबर दाट आहेत, उन्हाळ्यातही हिरवे असतात असे गुराखी सांगतात. तिथे पाणी असेल का, ते बारमाही पुरेल का, अकरा घरांना विहीर कुठे पाडावी, हे मला तुझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे. माझ्या बोलण्यात आता मुलाची भीती येते. तुझे बोलणे आई ऐकेल.

तुझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे वहिनींकडून कळले. नीट दिसते ना? नातीच्या बारशाला येता आले नाही, तिला माझे आशीर्वाद. बंगळूरचे घर विकायचे ठरले का, तेही कळव.

दिवाळीनंतर पाखाडी वाळते. त्या आठवड्यात ये. धाकटा खुंट्यांमधले अंतर रोज वहीत लिहितो, गेले अठरा दिवस ते वाढलेले नाही. तुझा जुना कोनमापक आणि हातोडा घेऊन ये, माझा हातोडा कोणी नेला ते आठवत नाही. आईने घावनांसाठी तांदूळ बाजूला काढून ठेवले आहेत; ते दरडीच्या खाचरातले आहेत.

तुझा,
अण्णा