नुसते जंतूच?

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू म्हणालास, "350 कोटी वर्षांपूर्वी जीव आले खरे, पण पुढे कितीतरी काळ नुसते जंतूच. काही घडलंच नाही!" बोलणं अर्धवट राहिलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

अरे, आपल्या श्वासातला ऑक्सिजन याच जंतूंची देणगी. सायनोबॅक्टेरिया उन्हाच्या बळावर पाणी फोडत राहिले आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवाच पालटू लागली. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

उत्क्रांती डोळ्यांदेखत पाहता यावी म्हणून अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये ई. कोलायचे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूचे, बारा फ्लास्क लावले, सगळे एकाच वंशाचे. रोज प्रत्येकातला शंभरावा हिस्सा ताज्या द्रावात घालायचा. दिवसाला साडेसहा पिढ्या होतात. दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रावात ग्लुकोज हे खाद्य बेताचंच, सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं रूप) मात्र भरपूर. पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट वापरता येत नाही. या जंतूची ती ओळखच मानतात. भरलं ताट समोर आणि हे उपाशी! 30,000 पिढ्या उलटून गेल्या तरी तेच. मग एके दिवशी एकच फ्लास्क इतरांपेक्षा गढूळ दिसला. आतल्या जंतूंची संख्या भलतीच वाढली होती. त्यांना सायट्रेट वापरता येऊ लागलं होतं.

पुढचं वाचून तर मी थक्क झालो. लेन्स्कींच्याच प्रयोगशाळेतल्या झॅकरी ब्लाउंट यांनी गोठवलेले जुने नमुने बाहेर काढून तोच प्रवास पुन्हा करून पाहिला. हे कसब पुन्हा उमटलं ते 20,000 पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच, तेही क्वचित. त्याआधीच्यांना जमलं नाही. म्हणजे वरून सगळं निवांत दिसत होतं, तेव्हा आत बदल साचत होते. सुधीर, तुझं "काही घडलंच नाही" मला इथेच पटत नाही.

आपल्या पेशींतही हाच पुरावा आहे. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले भाग, हे एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होते. दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथलेच झाले. त्यांचा गोलाकार डीएनए आजही वेगळा आहे. प्राणी, वनस्पती, बुरशी हा सगळा पसारा त्या एका घरोब्यानंतरचा.

आता तूच सांग, सायट्रेटवर जगणाऱ्या त्या जंतूंना नवी प्रजाती म्हणायचं का? मी म्हणेन, उंबरठ्यावर आहेत. सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

तुझा,
अविनाश