दिव्यांगांचे दात कोणत्या खात्यात येतात?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आपण कामात असता, म्हणून थेट मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, माझ्या मोठ्या भावाला फिट आली. आला होता दोन किडलेल्या दाढा काढून घ्यायला.

दादा 36 वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही, जोडीला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार. तोंड उघडं ठेवून स्थिर बसणं त्याला जमत नाही, म्हणून दातांचं काम पूर्ण भूल देऊनच करावं लागतं. तारीख मिळाली, तेव्हा सांगण्यात आलं, ‘रात्री बारानंतर काही देऊ नका, पाण्याचा थेंबही नको.’ फिटच्या गोळीचं काय, असं विचारलं तर म्हणे, ‘काही नाही म्हणजे काही नाही.’ ती सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच असते, हे नंतर त्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडून कळलं. दुपारपर्यंत उपाशी बसवून ठेवल्यावर निरोप आला, भूलतज्ज्ञ दुसऱ्या इमर्जन्सीला गेलेत. थोड्याच वेळात दादा फरशीवर. जीभ चावली गेली, कपाळाला खोक पडली. केसपेपरवर शेरा काय? ‘रुग्ण सहकार्य करत नाही. पुढील तारीख.’ वा!

दाढा किडल्या कशा, तेही ऐका. लहानपणापासून फेनिटॉइन ही फिटची गोळी चालू आहे. ते घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढतात, खाली ब्रश पोहोचत नाही. गोळी लिहिणाऱ्याने दातांविषयी चकार शब्द काढला नाही, दात बघणाऱ्याने गोळी विचारली नाही. दादाला बोलता येत नाही. दाढ ठणकली की तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारतो, आणि रात्रभर आम्ही त्याचे हात धरून बसतो. आई सत्तरीची आहे. एका डॉक्टरांनी तर तोंडात डोकावूनही न बघता ‘वर्तनाची समस्या’ म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. शेजाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्याच.

खाजगीत जा म्हणाल. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, व्हीलचेअर जिन्याखाली. वर पोहोचलो तर ‘अशा पेशंटची रिस्क आम्ही घेत नाही.’ शेवटी सगळे बोट दाखवतात ते लहान मुलांच्या दंतविभागाकडे. दाढीमिशा असलेला माझा भाऊ तिथे कार्टूनच्या चित्राखाली बसतो आणि आजूबाजूच्या आया मुलांना जवळ ओढतात. कारण आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, नऊ शाखा आहेत, त्यातल्या एकीच्या वाट्यालाही मोठी झालेली दिव्यांग माणसं येत नाहीत. ब्रिटनमध्ये 2008 पासून अशा माणसांच्या दातांसाठी स्वतंत्र विशेषज्ञ शाखा आहे. पुण्यात दंत महाविद्यालयांचा तोटा नाही. तोटा आहे तो दादासारख्याला खुर्चीवर घेणाऱ्यांचा.

आता कायदा. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम 25 सांगतं की सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य हवं. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड दहा हजारांपर्यंत. अहो, खाजगीत भूल देऊन दाढा काढायचा आम्हाला दिलेला अंदाज याच्या कैक पट आहे! मोडणाऱ्याला परवडतं, भोगणाऱ्याला नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांवर दिव्यांग होते. आता किती असतील, तुम्हीच मोजा. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, फ्लेक्स लागले. पण ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय तुमच्याकडे, कमला नेहरू रुग्णालय महापालिकेकडे आणि दादा स्वतः त्या नव्या विभागाकडे. दाताचं विचारलं की प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो. महापालिकेने उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून एक भूलतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस मिळू नये? उड्डाणपूल बांधायला, पाडायला आणि पुन्हा बांधायला पैसे निघतात या शहरात. तुमच्या लोकांचे फ्लेक्सवर हसणारे चेहरे मात्र चौकाचौकांत आहेत. दात किती शुभ्र! त्यांच्या डॉक्टरांची बिलं कोण भरतं, हे विचारायचं नसतं बहुतेक.

मागणं फार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात भूल देऊन दात करायचा ठरलेला वार, आणि त्या वारी भूलतज्ज्ञ हलवायचा नाही. उपाशी राहायच्या सूचना लेखी, मराठीत, आणि त्यात फिटची, हृदयाची, साखरेची, रक्त पातळ करायची कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे डॉक्टरच्या सहीने. ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा बंद.

‘आपले पत्र उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे’ असं उत्तर कृपया पाठवू नका. त्याची फाइल आमच्याकडे आहे. भूलतज्ज्ञाचं नाव आणि तारीख पाठवा. दाढा अजून तिथेच आहेत.

आपली,
एका रुग्णाची बहीण
सिंहगड रस्ता, पुणे