माळावरच्या ओढ्याची रेघ शोधून देणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये अशी आपली अट असल्यामुळे, सारी कॉलनी आपल्याला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने हे जाहीर पत्र लिहीत आहे. कळंबा तलावाच्या वरच्या अंगाला, कात्यायनीच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या आमच्या माळावर गृहप्रकल्प येणार असे कळल्यापासून सुनावणी पूर्ण होईपर्यंत आपण आमच्यासाठी जे केले, त्याची नीट नोंद व्हावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

त्या जमिनीचा शेती विभाग बदलून रहिवास विभाग करण्याबाबत हरकती व सूचना मागवणारी नोटीस वर्तमानपत्रात आली, तेव्हा आम्ही घाईघाईने दोन पानांचे निवेदन तयार केले होते. निसर्गाचा ऱ्हास, पुढच्या पिढ्या, कोल्हापूरचा वारसा असे सगळे त्यात होते आणि खाली पुष्कळ सह्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये गवा शहराच्या वेशीपर्यंत आला होता, त्याची धास्ती लोकांच्या मनातून अजून गेली नव्हती. त्यामुळे वन्यजीव हा शब्द निघाला की बैठकीत गवा आणि बिबट्या यांचीच चर्चा होत असे. आपण ते निवेदन दोनदा वाचले आणि विचारले, "यात गट नंबर कोठे आहे? कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या गटात दिसला?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. नगररचनेचे नकाशे काढण्यात ज्यांची सारी नोकरी गेली, त्या माणसाने आम्हाला त्या संध्याकाळी नाउमेद न करता कामाला लावले, याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार ओढ्याबद्दल. विकासकाने गावात दाखवलेल्या आराखड्यात रस्ते होते, भूखंड होते, बागेची हिरवी चौकटही होती; परंतु माळ उतरून तलावाकडे जाणारा ओढा त्यात नव्हता. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, म्हणून आम्हालाही ते खटकले नव्हते. आपण गाव नकाशाची प्रत काढून आणली, ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली आणि पेन्सिलीच्या टोकाने ती बारीक वळणावळणाची रेघ गटागटांतून दाखवत नेलीत. अशा लहान प्रवाहाच्या पाण्याच्या खुणेपासून ९ मीटरच्या आत इमारत बांधता येत नाही, हा २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील नियम आपण समजावून सांगितलात, तेव्हा बैठकीचा सूरच बदलला. आमची हरकत आता नुसत्या हळहळीवर उभी नव्हती, तिला कागदाचा आधार मिळाला होता.

त्याच रात्री आपण आणखी एक गोष्ट सांगितलीत, जी मला फार महत्त्वाची वाटते. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्र असलेल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. आमच्या माळावरचा प्रकल्प त्या मर्यादेच्या आत होता. म्हणजे तेथे कोणते जीव राहतात याचा अभ्यास करण्याचे बंधन कोणावरच नव्हते. "अभ्यास कुणी करणार नसेल, तर तो तुम्हीच करायचा," असे म्हणून आपण शाळेच्या वहीत रकाने आखून दिलेत: तारीख, वेळ, गट नंबर, काय दिसले, कोणी पाहिले.

फेब्रुवारीपासून आम्ही आळीपाळीने माळावर जाऊ लागलो. आपणही सत्तरीत, गुडघ्याला पट्टा बांधून, सूर्योदयाच्या आधी आमच्याबरोबर चढत होता. आम्ही ज्याला ओसाड म्हणत आलो त्या जागी एप्रिलमध्ये माळटिटवीचे घरटे सापडले. घरटे म्हणजे मुरमातली एक उथळ खळगी आणि तिच्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. भर दुपारी मादी उठून ओढ्यातल्या शेवटच्या डबक्याकडे जात होती आणि पोटाची पिसे भिजवून परत येऊन अंड्यांवर बसत होती. तापलेल्या मुरमावर अंडी शिजू नयेत म्हणून टिटव्या असे करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. घरटे आणि ओढा यांना वेगळे करता येणार नाही, हे मला नकाशापेक्षा त्या दुपारी अधिक कळले. ओढ्याच्या काठच्या कपारीत घोरपड होती, खालच्या झाडांवर मोर रात्रीला येत होते. हे दोन्ही जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहेत, हेही आपण वहीत समोर लिहून ठेवायला लावलेत. घरट्याचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, ही आपली ताकीद मुलांनी अक्षरशः पाळली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. २०१९ आणि २०२१ चे महापूर आम्ही पाहिले आहेत. पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना उंचावरची कोरडी जागा हवीशी वाटते, यात गैर काहीच नाही. आमची घरेही याच माळाच्या उतारावर आहेत. म्हणून, "आता येथे कोणी येऊ नये" ही मागणी आपण हरकतीतून काढायला लावलीत. त्यावरून आपल्यात शब्दाला शब्द लागला, मीही बोलू नये ते बोललो. आज मागे पाहता आपले म्हणणे बरोबर होते असे माझे मत झाले आहे. त्या कठोर शब्दांबद्दल क्षमा मागण्यासही हे पत्र उपयोगी पडावे.

ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आमच्या माळाविषयी दोनच ओळी होत्या. जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे आमची वही ठेवून, नोंदी एकेक करून तपासून घेऊन त्या अधिकृत वहीत उतरवण्यासाठी आपण चार खेपा घातल्यात. सुनावणीच्या दिवशी आपण मागच्या बाकावर बसलात आणि बोलायला आमच्याच बारावीतल्या मुलीला पुढे केलेत. तिने गाव नकाशा, तारखा आणि तीन नेमक्या मागण्या मांडल्या: ओढा आराखड्यावर दाखवावा, नियमाने सोडावयाची दहा टक्के खुली जागा एका कोपऱ्यात न ठेवता ओढ्याच्या दोन्ही काठांना लागून सलग ठेवावी आणि मार्च ते जूनमध्ये त्या पट्ट्यात यंत्रे आणू नयेत. विकासकाने पहिल्या दोन मागण्या लेखी मान्य केल्या. तिसरी फक्त तोंडी मान्य झाली आहे, आणि तीच मला सर्वांत जास्त काळजीची वाटते.

सुधारित आराखड्याची प्रत मंगळवारी आली. ओढा त्यात आहे, निळ्या रेघेने. त्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर मात्र दिव्यांचे खांब पाण्याच्या अगदी जवळ घेतलेले दिसतात, आणि कुंपणाच्या भिंतीच्या तळाशी घोरपड, मुंगूस, सशांना जाण्यापुरत्या मोकळी ठेवायच्या जागांची मापे कोठेही लिहिलेली नाहीत. प्रत सोबत जोडली आहे. आपल्या सवडीने पेन्सिलीने खुणा करून ठेवाव्यात; रविवारी सकाळी मी आणि ती मुलगी घेऊन जायला येऊ. आपण सांगाल त्या शब्दांत पत्र तयार करून सोमवारी आवक-जावकला देऊन पोच घेऊ.

माळटिटवी यंदा वरच्या गटात बसली आहे. नोंद झाली आहे, फोटो काढलेला नाही.

आपला कृतज्ञ,
माळाकाठच्या कॉलनीतील एक रहिवासी,
कोल्हापूर