द्राक्षं निघू देत, म्हणालीस म्हणून

इंदिरानगर, नाशिक
२२ जानेवारी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू एकदम आवाज खाली केलास, तेव्हाच कळलं की सासूबाई खोलीत आल्या. म्हणून आज कागद घेतलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन निम्मं घर हाताळतं.

पांढरं जातंय ते जुनंच आहे, पण दिवाळीपासून दोनदा दाजींजवळ गेल्यावर लाल दिसलं, असं तू म्हणालीस. तुमच्याकडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, ‘सगळं ठीक आहे, पण आता वय झालं, पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सरची कटकट नको’ म्हणाले. आणि वर तू मला सांगतेस, द्राक्षं निघू देत, मार्चमध्ये बघू. म्हणजे अख्खी पिशवी द्यायला तयार, आणि दोन मिनिटांच्या तपासणीला मात्र वेळ नाही!

तुला एक गोष्ट मी चार वर्षं सांगितली नाही. मलाही दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडायचे. पाळी जायचं वय जवळ आलंय, म्हणून मी आठ महिने काढले. शेवटी एका दवाखान्यात गेले, तर तिथेही हेच ऐकलं, पिशवी काढा. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला की माणूस सही करायला पेन शोधतो गं. मी तर घरी येऊन उन्हाळी सुट्टीचे दिवसही मोजले होते. अडवलं कुणी माहितेय? आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींनी. त्यांची सिव्हिलच्या शिबिरात तपासणी झालेली होती. मला म्हणाल्या, “बाई, पिशवीच्या तोंडाची ब्रशने तपासणी केली का त्यांनी?” केली नव्हती. सोनोग्राफीत पिशवीच्या गाठी दिसतात, पण तोंडाच्या पेशी बिघडायला लागल्यात की नाही ते दिसत नाही. माझ्यासारख्या विज्ञानाच्या बाईला हे मावशींकडून कळावं!

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सतरा वर्षं दहावीला प्रजननाचा धडा शिकवतेय, पण त्यांनी काय होतंय विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, “तिथे जरा...” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिथे म्हणजे नेमकं कुठे ते सांगा, नाहीतर मला अंदाजाने औषध द्यावं लागेल.

त्या ब्रशच्या तपासणीला पॅप म्हणतात. पॅपला दुखत नाही. अवघडल्यासारखं मात्र होतं, ते खोटं कशाला सांगू. पाय वर घेऊन झोपायचं, चोचीसारखं एक यंत्र आत सरकवतात, ते गार लागतं, आणि एक बारीक ब्रश पिशवीच्या तोंडावरून फिरवतात. पाळीच्या दिवसांत जायचं नाही. आधीचे दोन दिवस आतून काही औषध लावायचं नाही, संबंधही नको. त्याच नमुन्यावर माझी एचपीव्ही नावाच्या विषाणूचीही तपासणी केली. १६ नंबरचा प्रकार निघाला. हा आणि १८ नंबर मिळून पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या दहातल्या सात केसेसना कारण असतात.

मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बघणं. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात. व्हिनेगर म्हणजे तेच की, कांद्यावर टाकतो ते. बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या पडतात. तिथला तांदळाएवढा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, सीआयएन २. कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या वाटेवरची पायरी. तेवढाच भाग भूल देऊन तारेच्या कडीने काढला आणि संध्याकाळी मी घरी. पुढे दोन-तीन आठवडे पाण्यासारखं जात होतं. आता ठरल्या वेळी पुन्हा तपासून घेते. पिशवी जागेवर आहे.

सगळ्यात जड गेलं ते निराळंच. हा विषाणू संबंधातून येतो असं कळलं त्या रात्री मी यांच्याकडे पाठ करून झोपले. तीन दिवस धड बोलले नाही. बिचारे विचारत होते, भाजीत मीठ जास्त झालं म्हणालो म्हणून रागावलीस का! शेवटी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना हा कधी ना कधी होतोच. दहातल्या नऊ जणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो घालवून टाकतं. एखादीत तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला हे रिपोर्टवरून सांगता येत नाही, आणि कुणावर बोटही ठेवता येत नाही. सुमे, उद्या तुझ्या रिपोर्टमध्ये हे निघालं तर दाजींशी भांडायच्या आधी मला फोन कर.

आता तुझं. पांढरं जाणं म्हणजे आजार असं नाही. पाळीच्या मध्यावर अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं जातं ते चांगलंच. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर दुसरा संसर्ग, दोन्हीला गोळ्या आहेत. पण संबंधानंतर लाल, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल, पाळी गेल्यावर एक थेंबसुद्धा लाल, किंवा घाण वासाचं, रक्ताची छटा असलेलं पाणी, हे अंगावर काढायचं नाही. तुझं कॅन्सरच असेल असं मी अजिबात म्हणत नाही. सूज असेल, मोडासारखा मस असेल, काहीही नसेल. पण पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी काही ठरवू नये. आणि समजा खरंच कॅन्सर असला, तर घाईने काढलेली साधी पिशवी हे चुकीचं ऑपरेशन ठरतं. त्याचं ऑपरेशन मोठं आणि वेगळं असतं, कधी नुसते किरणांचे शेक द्यावे लागतात. बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवतंय ना? २०१९ मध्ये सरकारी समितीने मोजलं तर १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, आणि कितीजणींना हीच कॅन्सरची भीती घातलेली होती.

‘त्रास वाढला तर जाईन’ हेही मला ऐकवू नकोस. बागेत डावणीची बुरशी पानावर दिसायची वाट बघतेस का तू? आभाळ भरून आलं की दाजींना रात्री उठवून फवारा मारायला पाठवतेस. हेही तसंच आहे. पहिल्या पायरीला काहीच दुखत नाही, काहीच दिसत नाही, आणि तिथून कॅन्सर व्हायला बहुतेक दहा-पंधरा वर्षं जातात. धरायचं ते त्या मधल्या काळात.

हे शहरातल्या बायकांचं फॅड नाही बरं. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या एका गटाची एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली, तरी त्या गटात पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जगभर या तपासणीची शिफारस होते, तिच्यामागे आपल्याच शेतातल्या बायका आहेत. मला हे कळलं तेव्हा उगीच भरून आलं.

आणि पिंकीला लस दे. तेरा वर्षांची आहे ना? पंधराच्या आत दोन डोसमध्ये भागतं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. सासूबाई विचारतील, एवढ्या पोरीला असली लस कशाला? गोवराची कशाला दिली होती, विचार. पण लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी लागेलच, हे तिच्या कानावर असू दे.

गुरुवारी तुमच्याकडे खुडा नाही, मी दाजींना विचारलं आहे. काय काम आहे ते सांगितलं नाही, हळदीकुंकवाला बोलावते म्हटलं. सकाळची एसटी पकड, ठक्कर बाजारला उतर, मी स्टँडवर असेन. सोनोग्राफीची फाईल आण, शेवटची पाळी कधी आली ती तारीख त्यावरच लिहून ठेव. मधेच पाळी आली तर कळव, पुढचा गुरुवार धरू. मी आत तुझ्याबरोबर येईन. नको म्हणालीस तर बाहेर बाकावर बसेन.

येताना थॉमसन द्राक्षांची पेटी आणू नकोस, मागची अजून फ्रीजमध्ये आहे. दोन भाकऱ्या आणि ठेचा मात्र आण.

तुझीच,
वंदू