साकव दिसला की पुढे ये

प्रिय मित्रा,

काकूंना घेऊन येतोयस म्हटल्यावर आईने कालच तांदूळ निवडायला घेतले. पण 'तुमच्या वाडीला थांबा नाही, रिक्षाच करतो' म्हणालास ते मनाला लागलं. एसटीनेच ये रे. थांबा नसला तरी गाडी थांबते, फक्त वेळेत सांगावं लागतं.

देवरुखहून मारळची गाडी पकड. काकूंची पंच्याहत्तरी झाली आहे ना? त्यांचं आधार कार्ड आण. 2022पासून त्यांना प्रवास मोफत आहे, शून्याचं तिकीट तेवढं मागून घे. तुझं तिकीट पुढच्या टप्प्याचं पडेल, पडू दे. तिकीट काढतानाच कंडक्टरना सांग, "साकवापुढच्या फणसाजवळ उतरायचंय, सोबत वयस्कर आई आहे." साकव दिसला की दोघं उठून दाराशी या. ते एक घंटी देतील, तुम्ही उतरून बाजूला झालात की दोन.

मागच्या सीटवरून मात्र ओरडू नकोस. गेल्या श्रावणात मी तेच केलं. गप्पांत साकव मागे पडला, गाडी चढाला लागली आणि मग मी हाक मारली. मागे चिऱ्यांचा ट्रक, पुढे वळण. भरल्या गाडीला तिथे ब्रेक कसा मारणार? चढ संपल्यावर गाडी थांबली. आई गुडघा धरून, भिजत, अर्धा किलोमीटर उलटी चालत आली. चूक सगळी माझी होती. ड्रायव्हरदादा उलट आईला म्हणाले, "मावशी, सावकाश उतरा."

'हात दाखवा, गाडी थांबवा' असं एसटीच सांगते, म्हणून हात करायला संकोच नको. पण प्रत्येकाने आपापल्या पाणंदीच्या तोंडाशी हात केला तर मारळला गाडी पोचायची कधी? आता दोन्ही वाड्यांनी ठरवलंय, सगळ्यांनी फणसाजवळच्या सरळ रस्त्यावर उभं राहायचं. तिथे गाडी बाजूला घेता येते, ड्रायव्हरला लांबून माणसं दिसतात. डोक्यावर काजूची पाटी घेतलेल्या बायकासुद्धा तेवढं चालत येतात. सकाळच्या गाडीला शाळेची पोरं असतात. ती भरली असली की ड्रायव्हर मागे बोट दाखवतात, म्हणजे मागून दुसरी गाडी येतेय. परतताना तसं झालं तर रागावू नकोस.

शनिवारी दुपारच्या गाडीने निघा. देवरुखहून सुटलात की फोन कर. मी छत्री घेऊन फणसाजवळ येतो.

तुझा,
मित्र