नदीपलीकडचे इंटरनेट : आधी पावसाचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

गोव्यातल्या चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर नदीत केबल न टाकता लेसरच्या झोतावरून इंटरनेट नेणे शक्य आहे. काँगो नदीच्या दोन काठांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांमध्ये ४.८ किलोमीटरवर गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘तारा’ प्रकल्पाने २०२१ मध्ये २० गिगाबिटपर्यंतची जोडणी चालवून दाखवली, तेव्हा ही आता हवेतली गोष्ट राहिलेली नाही. मात्र क्षमता वाढवायची म्हटले की कोटेशनमध्ये गिगाबिटचा मोठा आकडा शोधला जातो, आणि गोव्यात नेमके तिथेच फसायला होते.

एक किलोमीटरचा पल्ला धरू. १५५० नॅनोमीटरचा १०० मिलिवॅटचा लेसर, म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली शक्ती; दर १० डीबी घटले की शक्ती दहावा हिस्सा उरते). झोत १ मिलिरेडियन पसरला की पलीकडे त्याचा व्यास मीटरभर होतो. १० सेंटिमीटरच्या भिंगात त्यातला शंभरावा हिस्सा पडतो. २० डीबी इथेच गेले. काचा, जोड आणि नेमातली चूक यांत आणखी ६ धरा. हाती उणे ६ डीबीएम. १० गिगाबिटच्या एपीडी रिसीव्हरला (मंद प्रकाशही टिपणाऱ्या संवेदकाला) उणे २४ पर्यंत चालते, म्हणून पावसात गमवायला शिल्लक १८ डीबी. पावसाच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत किलोमीटरमागे सुमारे १५ डीबी जातात, १०० मिलिमीटरला २३ हून जास्त. ताशी ६५ मिलिमीटरच्या आसपास जोडणी तुटते.

आता त्याच यंत्रात एकाऐवजी चार तरंगलांबी घाला, प्रत्येकीवर वेगळी वाहिनी. कागदावर ४० गिगाबिट! पण ॲम्प्लिफायरची एकूण शक्ती तेवढीच असते, शिवाय डोळ्यांच्या सुरक्षेची मर्यादा सगळ्या झोताला मिळून लागते. प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो, ६ डीबी घटतात, आणि ३५ मिलिमीटरच्या सरीतच चारही वाहिन्या एकदम बसतात. जुलैत अशा सरीचे कोणाला नवल नाही.

हे ६ डीबी भिंग २० सेंटिमीटरचे केले की परत मिळतात. खर्च आणि वजन वाढते, पण तापलेल्या हवेमुळे होणारी लुकलुकही मोठ्या भिंगात बरीच दबते. झोताचा पसारा निम्मा करूनही तेवढेच मिळतात. मात्र मग पलीकडे ठिपका अर्ध्या मीटरचा, आणि वाऱ्याने खांब पाव मिलिरेडियन वळला तरी रिसीव्हर ठिपक्याच्या कडेला. आपोआप नेम धरणारा आरसा त्यासाठी घ्यावाच लागतो. आमचा कौल मोठ्या भिंगाला.

कोहेरंट पद्धतीत (यात रिसीव्हर प्रकाशात दुसरा लेसर मिसळून पूर्ण लहर वाचतो) दोन ध्रुवीकरणांवर, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दोन दिशांवर, वेगवेगळा डेटा पाठवता येतो, हवा ध्रुवीकरण फारसे बिघडवत नाही. अडचण अशी की तो प्रकाश फायबरच्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यात शिरावा लागतो. युंगफ्राउयोख ते बर्न या ५३ किलोमीटरवर सुमारे १ टेराबिट गाठताना झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगात हवेने विस्कटलेला झोत सावरायला ९७ ठिकाणी हलणारा आरसा वापरला होता. पंचायतीला एवढा थाट कशाला?

जागा निवडताना झोत तापलेल्या पत्र्यांना घासून नेऊ नये. वाटेत माड असेल तर त्याच्या हलत्या झावळ्याही धराव्यात, आणि तो वाढतो हे विसरू नये. यंत्राच्या पेटीच्या काचेवर मिठाचा थर बसतो. आधी साध्या पाण्याने धुवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. कोरडीच पुसली तर मिठाचे कण काच ओरखडतात. पेटीत सिलिका जेल आणि काचेला हीटर नसेल तर पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरलीच म्हणून समजा.

धुक्याची गोष्टच वेगळी. दोनशे मीटरपलीकडचे दिसत नसेल तर किलोमीटरमागे ८५ डीबीच्या घरात जातात, तिथे कोणतीही तरंगलांबी कामाची नाही. म्हणून जोडीला रेडिओ हवा. ७०-८० गिगाहर्ट्झचा रेडिओ धुक्यात टिकतो, पण मुसळधार पावसात लेसरबरोबरच झोपतो; त्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ, काहीशे मेगाबिटचा का असेना, बरा. लेसर पडताच वाहतूक रेडिओवर जावी, परत येताना मात्र मिनिटभर स्थिर सिग्नल पाहूनच यावी, नाहीतर सरीगणिक उड्या चालू राहतात.

निविदेत म्हणूनच कमाल वेग एवढेच न लिहिता शिल्लक डीबी, भिंगाचा व्यास आणि जून ते सप्टेंबरमधली दर पाच मिनिटांची नोंद मागावी. मे महिन्यातल्या चाचणीवर अंतिम बिल मंजूर करू नये.

– दूरसंचार क्षेत्रातील काही अभियंते, फोंडा