घरच्या लॅबमधला स्विच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेटवर्किंग शिकणाऱ्यांनी घरच्या संगणकावर ईव्ह-एनजी किंवा जीएनएस-३ हे एम्युलेटर, म्हणजे नेटवर्कची उपकरणे संगणकातच आभासी रूपात चालवणारी सॉफ्टवेअर, उभारून सराव करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. मात्र एम्युलेटर ही नुसती रिकामी मांडणी असते आणि तीत चालवायची स्विचची (संगणकांना एका जाळ्यात जोडणाऱ्या उपकरणाची) इमेज, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, कुठून आणायची, याविषयी सल्ला देणारे गप्प राहतात. परिणामी पदविकेची मुले पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या, मूळ ठाऊक नसलेल्या प्रती वापरतात.

स्विचचे हे दुखणे जुने आहे. डायनॅमिप्स या एम्युलेटरने सिस्को या कंपनीच्या राउटरचे हार्डवेअर संगणकावर वठवले खरे, पण तिच्याच कॅटॅलिस्ट स्विचमध्ये फ्रेम (माहितीचे तुकडे) पुढे पाठवण्याचे काम खास चिप करत असल्याने तिथे तो मार्ग खुंटला. म्हणूनच कंपनीने स्वतः तयार केलेली आभासी इमेज लागते. अरिस्टा या स्विच बनवणाऱ्या कंपनीची व्हीईओएस-लॅब ही इमेज खाते उघडले की विनामूल्य उतरवता येते आणि सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या सिस्कोच्याच सराव-सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीत पाच नोडपर्यंत (आभासी उपकरणांपर्यंत) सराव करता येतो. एवढे असताना चोरीच्या प्रतीची गरज काय?

मुले खरी अडतात ती क्षुल्लक जागी. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याची सबंध संध्याकाळ गेली, कारण त्याने इमेजच्या फोल्डरला 'अरिस्टा' असे नाव दिले होते. ईव्ह-एनजीला ते 'व्हीईओएस-' असे सुरू झालेले हवे आणि आतली डिस्क 'एचडीए.क्यूकाऊ२' याच नावाची हवी. ते सुधारून फाइलच्या परवानग्या दुरुस्त करणारी आज्ञा दिल्यावर स्विच सुरू झाला, तर पडद्यावर आपोआप संरचना शोधण्याचे संदेश थांबेनात! 'अॅडमिन' म्हणून आत शिरून तो शोध थांबवणारी 'झीरोटच कॅन्सल' ही आज्ञा टंकली, स्विच पुन्हा सुरू झाला आणि मगच व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी जाळी करण्याचा) धडा घेता आला.

उरतो प्रश्न मेमरीचा. असा एक स्विच दोन ते चार जीबी रॅम घेतो, सिस्कोचा नेक्सस ९०००व्ही हा आभासी स्विच त्याहून कितीतरी अधिक. आठ जीबीच्या लॅपटॉपवर तीन स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा (जोडण्यांमध्ये फेरा होऊ न देणाऱ्या पद्धतीचा) प्रयोग बसवताना नाकी नऊ येतात. तेव्हा तंत्रनिकेतनांनी भरपूर रॅम असलेले निदान एक यंत्र या कामासाठी राखून ते विद्यार्थ्यांना संध्याकाळी सातनंतर घरून वापरू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक व शिक्षक, सांगली